रोबोट चालू, माल बंद: शेंद्र्याच्या एका गोडाऊनमधला उन्हाळा

नांदेड, लातूर, परभणीकडची पोरं डिप्लोमा नाहीतर इंजिनिअरिंग झालं की फोन करतात, दादा वेअरहाऊस रोबोटिक्सच्या कंपनीत काम कसं असतं हो, पायथॉन शिकू का आरओएस (रोबोटसाठीचं सॉफ्टवेअर) शिकू. शिका की, दोन्ही कामाला येतं. पण साइटवर बसणाऱ्या सपोर्टवाल्याचा दिवस कशात जातो हे कोणी विचारत नाही आणि मला ते एका वाक्यात सांगताही येत नाही. म्हणून एक अख्खं प्रकरण लिहून काढतोय. संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या पट्ट्यातलं एक गोडाऊन, एप्रिल-मेचं ऊन, आणि रोज दुपारी अडकणारे रोबोट. आमच्या कंपनीचं नाव घेत नाही, गिऱ्हाईकाचंही नाही.

गोडाऊन स्पेअर पार्टचं होतं. वाळूजला बजाजचा प्लांट 1985 ला आला तेव्हापासून संभाजीनगरच्या आसपास टू-व्हीलर थ्री-व्हीलरचे पार्ट बनवणाऱ्या व्हेंडरचं जाळं पसरत गेलंय, आता शेंद्रा-बिडकीनला ऑरिक नावाची औद्योगिक नगरी झाली, आणि मुंबई-नागपूर 701 किलोमीटरचा समृद्धी जून 2025 मध्ये शेवटच्या टप्प्यासकट पूर्ण उघडला, त्यामुळं इकडं गोडाऊन टाकायला लोकांना आता कारण लागत नाही. या गोडाऊनमध्ये क्लच प्लेट, ब्रेक शू, केबल, ऑइल सील, गॅस्केट, आरसे, असले हजारो बारके आयटम. डीलरची ऑर्डर सकाळपासून पडत राहते आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळेला गाड्या सुटतात. गाडी सुटली की सुटली, राहिलेला माल उद्या.

आमची सिस्टीम माणसाकडं माल आणणारी. म्हणजे पिकर एका जागी उभा राहतो, चपटा रोबोट रॅकच्या खाली घुसतो, रॅक उचलतो आणि पिकरच्या पुढ्यात आणून उभा करतो, पिकर स्क्रीनवर दाखवलेल्या खणातून पार्ट काढतो, स्कॅन करतो, रोबोट रॅक परत घेऊन जातो. ही कल्पना किव्हा सिस्टीम्सनं गाजवली. तिचा संस्थापक मिक माऊंट्झ आधी वेबव्हॅन नावाच्या ऑनलाइन किराणा कंपनीत होता, ती 2001 ला बुडाली, आणि ऑर्डर भरायला येणारा खर्च किती जीवघेणा असतो ते त्यानं तिथं पाहिलं होतं. गोडाऊनमधला माणूस निम्म्याहून जास्त वेळ नुसता चालत असतो, मग माणसाला चालवण्यापेक्षा रॅकच चालवा, एवढीच आयडिया. 2012 ला अॅमेझॉननं किव्हा 77.5 कोटी डॉलरला घेतली आणि हळूहळू बाहेरच्यांना रोबोट विकणं बंद केलं, तेव्हा बाकीच्या जगाला दुसरा दुकानदार शोधावा लागला. आपल्याकडं ग्रेऑरेंज 2011 ची, अॅडव्हर्ब 2016 ची, पुण्याची अनबॉक्स पार्सल सॉर्टिंगमध्ये, अशा कंपन्या उभ्या राहिल्या, आणि आमच्यासारख्या लहानसहानही. त्यामुळं जालन्या-बीडच्या पोराला या लाइनमध्ये नोकरी मिळायला लागली ती तिकडच्या त्या एका सौद्याच्या कृपेनं असं मी गमतीनं म्हणतो, अगदीच खोटं नाही ते.

आता रोबोटला आपण कुठं आहोत हे कळतं कसं ते समजून घ्या, कारण सगळं प्रकरण तिथंच आहे. फरशीवर ठराविक अंतरानं क्यूआरसारखे चौकोनी कोडचे स्टिकर चिकटवलेले असतात. रोबोटच्या पोटाखाली कॅमेरा, तो स्टिकरवरून जाताना कोड वाचतो. दोन स्टिकरच्या मध्ये चाक किती फिरलं आणि जायरो (वळण मोजणारा सेन्सर) काय म्हणतो त्यावरून अंदाजानं चालतो. एखादा स्टिकर वाचता नाही आला तर पुढच्यापर्यंत निभावतो. लागोपाठ दोन-तीन हुकले तर मात्र जागेवर उभा राहतो, लाल दिवा, "पोझिशन लॉस्ट". आणि तसं थांबणंच बरोबर आहे, डोक्यावर चार-पाचशे किलोचं रॅक घेऊन अंदाजपंचे फिरणारा रोबोट कोणालाच नको.

तर मार्चपर्यंत सगळं गोड चाललं होतं. एप्रिलचा दुसरा आठवडा लागला आणि रोज दुपारी बारा-एकच्या पुढं एकामागून एक रोबोट पोझिशन लॉस्ट व्हायला लागले. चाळीसेक रोबोटमधला एक थांबला तर बाकीचे वाट बदलतात, पण तो मेन लेनमध्ये थांबला तर मागं रांग लागते, उसाच्या सिझनला कारखान्याच्या गेटवर ट्रॅक्टर लागतात तशी. मग कोणीतरी आत जायचं. आत जायचं म्हणजे नुसतं जाळी उघडून घुसायचं नाही, बटण दाबून परवानगी मागायची, सॉफ्टवेअर तो अख्खा झोन थांबवतं, मग गेटचं लॉक उघडतं, मग जॅकेट घालून टॅबलेट घेऊन आत, रोबोट ढकलून नीट स्टिकरवर आणायचा, टॅबलेटवर कन्फर्म करायचं, बाहेर यायचं, गेट लावायचं, झोन चालू. ड्रायव्हरविना गाड्यांसाठी आयएसओ 3691-4 म्हणून स्टँडर्ड आहे, माणूस आत असेल तर काय व्हायला पाहिजे त्याचे नियम त्यात आहेत, त्यात शॉर्टकट मारायचा नसतो आणि आम्ही मारलाही नाही. पण एका रोबोटसाठी दहा-बारा रोबोट उभे. दुपारभर हे चालू.

पिकरच्या लाइनला बहुतेक पोरी, करमाड आणि आसपासच्या गावांतून कंपनीच्या बसनं येणाऱ्या. त्यांचा इन्सेन्टिव्ह पिकवर, म्हणजे किती पार्ट काढले त्यावर. एक ताई मला रोज एकच वाक्य ऐकवायची, "सर, रॅकच येईना गेलंय, आम्ही नुसतं उभं राह्यलोत." रोबोट यायच्या आधी त्या दिवसभर चालत होत्या, आता चालणं वाचलं आणि उभं राहणं वाढलं, आणि रॅक नाही आलं तर उभं राहण्याचे पैसेही नाहीत. ब्रोशरमध्ये हे कुठंच नसतं.

आता बघा गंमत. गिऱ्हाईकाचा वेअरहाऊस मॅनेजर म्हणतो सिस्टीम रोज दुपारी झोपते, गाड्या अर्ध्या भरून जायलात. आमचं हेडऑफिस म्हणतं डॅशबोर्डवर अपटाइम, म्हणजे सिस्टीम चालू असण्याचं प्रमाण, नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर आहे, काय प्रॉब्लेम आहे? आणि दोघंही खरं बोलत होते. करारात अपटाइमची व्याख्या अशी होती की मोटर, बॅटरी, कॅमेरा असलं हार्डवेअर बिघडलं तर डाऊनटाइम. पोझिशन लॉस्ट हा प्रकार "ऑपरेटर रिकव्हरी" या खात्यात पडायचा, म्हणजे माणूस येऊन सरळ करेल, रोबोट तर ठणठणीत आहे. झोन थांबवला ती तर गिऱ्हाईकाच्या माणसानं मागितलेली परवानगी, तोही आमचा डाऊनटाइम नाही. रोबोट चालू, माल बंद. ज्यानं ही व्याख्या लिहिली त्यानं कधी दुपारी दोनला पिकिंग स्टेशनवर उभं राहून बघितलं नसणार एवढं नक्की.

मग संशयित शोधायला सुरुवात झाली. पहिला मान नेहमीप्रमाणं वायफायचा. या धंद्यात काहीही झालं तरी आधी वायफायला शिव्या घालायची पद्धत आहे, आणि दहातल्या काही वेळा ते खरंही निघतं, रोबोट एका अॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना कनेक्शन तुटतं. पण मग एरर वेगळा येतो आणि तो गोडाऊनभर विखुरलेला असतो, फक्त दुपारी येत नाही. वायफाय सुटला.

दुसरा संशय बॅटरीवर. हा जरा वजनदार होता. आमच्या बॅटऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या, त्या साधारण 45 अंशाच्या वर चार्ज करू नयेत असं सेल बनवणारे सांगतात, त्यामुळं सेल तापले की बॅटरीचा कंट्रोलरच करंट कमी करतो. पत्र्याचं शेड, बाहेर 40 च्या पुढं, आत चार्जर लावलेल्या कोपऱ्यात त्याहून जास्त. रोबोट चार्जरवर जास्त वेळ बसायले होते हे खरं, दुपारी चालते रोबोट कमी असायचे. पण त्यानं वेग कमी व्हायला पाहिजे, पोझिशन कशी काय हरवेल? बॅटरीचा गुन्हा होता, पण किरकोळ.

तिसरा संशय हेडऑफिसमधल्या व्हिजनच्या, म्हणजे कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर बघणाऱ्या टीमचा. पोरं हुशार, त्यांनी लॉग (रोबोटच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) बघून सांगितलं की कोड वाचताना कॉन्ट्रास्ट पडतोय, दुपारचं ऊन छपराच्या पारदर्शक शीटमधून फरशीवर पडून चमक येत असणार, कॅमेऱ्याचं एक्स्पोजर बदलतो. पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती आली, रात्री टाकली. दुसऱ्या दिवशी एरर जवळपास गायब! तिसऱ्या दिवशीही. ग्रुपवर अंगठे, टाळ्या, सगळं झालं, तिकीट (तक्रारीची नोंद) बंद. चौथ्या दिवशी दुपारी मागचेच पाढे पंचावन्न.

झालं असं होतं की त्याच आठवड्यात गिऱ्हाईकाचे मोठे साहेब मुंबईहून व्हिजिटला येणार होते, म्हणून ज्या रात्री पॅच पडला त्याच रात्री गोडाऊन कानाकोपऱ्यासकट घासून काढलं होतं. झोन बंद करून आतली फरशी दोन रात्री व्हॅक्यूमनं साफ केली होती. हे हेडऑफिसला कळणार कसं? लॉगमध्ये झाडू दिसत नाही. मला ते कळलं हाऊसकीपिंगच्या मावशीकडून. त्या म्हणाल्या, "साहेब यायच्या येळेला एवढं घासलं, आता बघा पुन्यांदा पांढरं पडलं." मी खाली वाकून बोट फिरवलं. मुरमाची बारीक धूळ, पिठीसारखी.

तेव्हा मग एरर नकाशावर मांडले. कोणत्या चौकोनात किती वेळा, किती वाजता. हा नकाशा खरंतर पहिल्याच दिवशी काढायला पाहिजे असतो पण सपोर्टमध्ये पहिल्या दिवशी जो ओरडतो त्याच्याकडं धावावं लागतं. नकाशात डाग एकाच बाजूला, पश्चिमेच्या डॉकच्या शटरपासून आत पंखा पसरल्यासारखा. डॉकच्या पुढचं गाड्या वळायचं आवार अजून काँक्रीट व्हायचं होतं, मुरूम टाकून रोलर फिरवलेला. गाडी वळली की धूळ, आणि दुपारी पश्चिमेचं वारं सुटलं की ती धूळ थेट आत. स्टिकरवर थर बसला की काळा-पांढरा फरक मरतो, व्हिजनवाल्यांनी पकडलेला कॉन्ट्रास्ट तो हाच, कारण तेवढं चुकलं. त्यात धुळीवरून पॉलियुरेथेनचं चाक किंचित घसरतं, म्हणजे स्टिकर हुकल्यावर ज्या अंदाजावर रोबोट निभावून नेतो तो अंदाजही बिघडतो. दोन्ही आधार एकदम गेले.

इथपर्यंत आल्यावर हेडऑफिसनं सोपं उत्तर दिलं, गिऱ्हाईकाला मेल करा, शटर बंद ठेवा, साइट कंडिशन त्यांची जबाबदारी आहे. मेल गेला. शटर एक दिवस बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी बारा वाजता पुन्हा उघडं.

मी शिफ्ट सुपरवायझरला विचारलं, दादा शटर कामून उघडलं? तो माझ्याकडं बघून म्हणाला, "सर, तुम्ही एसी रूममधून यायलात म्हणून विचारायलात. दोन तास आत उभं राहून बघा." त्याचं काय चुकलं? मी राहिलो उभा. मे महिना, पत्र्याखाली, हवा हलत नाही, पॅकिंगच्या टेबलावर एका पोराला चक्कर येऊन गेलेली. शटर उघडलं की निदान वारा तरी येतो, धुळीचा का असेना.

मग वर बघितलं तर छताला मोठे पंखे, ते विमानाच्या पात्यासारखे लांब पाती असलेले सावकाश फिरणारे, एवढ्या मोठ्या शेडसाठीच असतात ते. बंद. सगळे बंद. स्विचबोर्डवर एक ए-फोर कागद चिकटवलेला, लॅमिनेट केलेला, "रोबोट एरिया, पंखे चालू करू नयेत." खाली सही-बिही नाही पण फॉन्ट आणि कोपऱ्यातला लोगो आमच्याच कंपनीचा.

या कागदाचा माग काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण आमच्यासारख्या कंपनीत साइट हातातून हातात जाते. सेल्सवाला विकतो, सोल्यूशनवाला लेआउट काढतो, डिप्लॉयमेंटची टीम येऊन बसवते आणि गो-लाइव्ह, म्हणजे प्रत्यक्ष काम सुरू झालं की बॅगा भरून पुढच्या साइटला, भिवंडी नाहीतर चाकण नाहीतर हरियाणा, आणि मग सपोर्टच्या गळ्यात. हँडओव्हरच्या फायलीत आयपी अॅड्रेस सगळे असतात, स्विचबोर्डवरचा कागद नसतो. डिप्लॉयमेंटच्या एका पोराला फोन लावला, तो तेव्हा दुसऱ्या राज्यात एका साइटवर रात्रपाळीत. तो म्हणाला, हां, मीच लावला होता. टेस्टिंगच्या वेळी पंखे चालू केले की स्टेशनवरच्या रिकाम्या पॉलिथिनच्या पिशव्या उडून लेनमध्ये जायच्या, रोबोटच्या पुढच्या लेझरला पिशवी म्हणजे अडथळा, रोबोट थांबायचा. गो-लाइव्ह दोन दिवसांवर, पंखे बंद केले, प्रश्न मिटला, कागद लावला. थंडीचे दिवस होते, पंख्याची कोणाला आठवणही नाही झाली.

त्या पोराला मी दोष देत नाही. त्याच्या जागी कोणीही तेच केलं असतं, गो-लाइव्हच्या आधी दोन दिवस माणूस झोपलेला नसतो. पण साखळी बघा. ऑइल सील आणि गॅस्केट पिशव्यांतून येतात, पिशवी टाकायला स्टेशनवर झाकणाचा डबा नाही, म्हणून पिशव्या उडतात, म्हणून पंखे बंद, म्हणून उन्हाळ्यात उकाडा, म्हणून शटर उघडं, म्हणून मुरमाची धूळ, म्हणून स्टिकर दिसत नाहीत, म्हणून रोबोट उभे, म्हणून डीलरला क्लच प्लेट उद्या. आणि यातली एकही गोष्ट रोबोटच्या कोडमध्ये नव्हती. हेडऑफिसला हे कॉलवर समजावून सांगताना तिकडून एकानं विचारलं, मग तिकिटात रूट कॉज काय लिहायचं? मी म्हणलं डस्टबिन लिहा. तो हसला, पण ड्रॉपडाऊनमध्ये तसा पर्यायच नव्हता, शेवटी "इतर" टाकलं.

उपाय मग उलट्या बाजूनं केले. प्रत्येक स्टेशनला पायानं उघडणारे झाकणाचे डबे, लेनच्या बाजूला टेबलाच्या उंचीएवढी जाळी. हे आठवड्यात झालं, खर्च एवढा कमी की गिऱ्हाईकाच्या स्टोअरवाल्यानं कोणाला न विचारता आणून दिलं. मग पंखे कमी स्पीडवर चालू करून बघितले, दोन दिवस लेनच्या कडेला बसून पिशव्या मोजल्या, नावाला एखादी. तो कागद सुपरवायझरनं स्वतःच्या हातानं फाडला. शटर पूर्ण बंद ठेवा असं कोणाला सांगावंच नाही लागलं, ऊन वाढलं की ते आपोआप अर्ध्यावर यायला लागलं, कारण आत थोडं बरं वाटत होतं.

साफसफाईचं मात्र भांडण झालं. हाऊसकीपिंगवाले रात्रीच्या शिफ्ट बदलताना आत जायचे, कारण तेव्हाच झोन बंद असायचा, आणि ओल्या पोछ्यानं पुसायचे. मुरूम आणि पाणी मिळून स्टिकरवर लेप बसतो, वाळला की धुळीपेक्षा वाईट. कोरडं व्हॅक्यूम पाहिजे आणि ते दुपारी पाहिजे, रात्री नाही. पण दुपारी झोन बंद करायला गिऱ्हाईक तयार होईना, पिक बुडतात म्हणून. मी त्यांना रोजच्या झोन थांबण्याचा हिशोब काढून दाखवला, तसेही दुपारभर तुकड्यातुकड्यानं थांबतोच आहोत, त्यापेक्षा जेवणाच्या सुट्टीत एकदाच पश्चिमेचा झोन बंद करा. मान्य झालं. मावशींना आत जायचं सेफ्टी ट्रेनिंग दिलं, जॅकेट दिलं, आणि कुठला स्टिकर झिजलाय ते फरशीवर खडूनं गोल करून ठेवायचं काम त्यांनी आपणहून सुरू केलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये झिजलेल्या स्टिकरचा रिपोर्ट आहे, तो दुसऱ्या दिवशी सकाळी येतो. मावशींचा खडू आदल्या दुपारी.

एक गोष्ट सॉफ्टवेअरचीही झाली, नाहीतर वाटेल मी त्या पोरांवर खार खाऊन आहे. व्हिजनच्या टीमनं असं केलं की एखाद्या चौकोनात वाचन कमजोर व्हायला लागलं की, हुकायच्या आधीच, तो चौकोन नकाशावर पिवळा होतो आणि रोबोट तिथं सावकाश जातात. हे लई कामाचं निघालं, आता बाकीच्या साइटवर पण टाकलंय. त्यांच्यातली एक मुलगी नंतर स्वतः चार दिवस साइटवर येऊन राहिली, दुपारी शेडमध्ये उभी राहिली, आणि परत गेल्यावर तिच्या तिकिटातले प्रश्न बदलले. आधी विचारायची फर्मवेअर कोणतं, आता विचारते दार उघडं होतं का.

दुपारचे एरर मेच्या अखेरीपर्यंत सकाळच्या पातळीवर आले. पूर्ण शून्य नाही, शून्य कुठंच नसतं.

करारातल्या व्याख्येचं काय झालं विचाराल तर ते अजून चालूच आहे. गिऱ्हाईक म्हणतं ऑपरेटर रिकव्हरी डाऊनटाइममध्ये धरा. आमचे कमर्शियलवाले म्हणतात मग तुमच्या धुळीचा दंड आम्ही भरायचा का. माझं मत विचारलं तर मोजायचंच असेल तर पिकरसमोर रॅक किती वेळ नव्हतं ते मोजा, ते दोघांच्याही सोयीचं नाही म्हणूनच बरोबर आहे. पण हे मत मीटिंगमध्ये मांडलं तेव्हा दोन्हीकडून पाणी प्यायला सुरुवात झाली. पोरींच्या इन्सेन्टिव्हमधून रॅकची वाट बघण्याचा वेळ वगळायचं मात्र गिऱ्हाईकाच्या एचआरनं मान्य केलं, ते त्या ताईनं वर्क्स कमिटीत लावून धरलं म्हणून, आमच्यामुळं नाही.

डॉकपुढच्या आवाराचं काँक्रीट पावसाच्या आधी व्हायचं होतं, नाही झालं. जूनमध्ये पाऊस लागल्यावर धूळ बसली आणि गाड्यांच्या टायरला चिखल यायला लागला, फोर्कलिफ्ट तो चिखल डॉकवरून आत आणते, आता डाग सकाळी दिसतात आणि आकार पंख्यासारखा नाही, पट्ट्यासारखा आहे. पायपुसण्यासारखी टायरची मॅट मागवलीय, पर्चेसकडं तीन कोटेशनसाठी अडकलीय.